‘स्टार ट्रेक’च्या सुट्या फिल्म-चौकटी : आधी ओळख पटवावी, मगच रंगाला हात लावावा (संग्राहकांची चर्चा; प्रत्येक मजकुराच्या वर लिहिणाऱ्याचे टोपणनाव आहे)

जुनी पेटी

‘स्टार ट्रेक’ या १९६६ ते १९६९ या काळातल्या मूळ अमेरिकी अंतराळ-मालिकेच्या तेवीस सुट्या चौकटी, म्हणजे फिल्मवरची एकेक कापलेली चित्रे, माझ्याकडे जमल्या आहेत. त्यांतल्या एका चौकटीने माझी जी फजिती केली ती आधी सांगतो, कारण रंग पूर्ववत करण्याच्या खटाटोपात बहुतेक जण माझ्यासारखेच चुकीच्या टोकाकडून सुरुवात करतात असे मला दिसते.

प्रथम या चौकटी आल्या कुठून, ते पाहू. मालिकेचे चित्रण ३५ मि.मी. रंगीत निगेटिव्हवर होत असे. दिवसभराचे चित्रण लॅबमध्ये जाऊन त्याची साधी प्रिंट, म्हणजे रशेस, दुसऱ्या दिवशी परत येई आणि संकलक त्या रशेस कापून भाग जुळवीत असे. जुळवून उरलेली कात्रणे खोक्यांत पडून राहत. मालिकेचे निर्माते जीन रॉडनबेरी यांच्या लिंकन एंटरप्रायझेस या टपालाने विक्री करणाऱ्या कंपनीने १९६८ पासून ही कात्रणे चौकट-चौकट सुटी करून चाहत्यांना विकली. त्यामुळे या चौकटी म्हणजे प्रक्षेपित भागाचे तुकडे होत, हा सर्रास आढळणारा समज बहुतांशी चुकीचा आहे. हाती येते ते पुष्कळदा न वापरलेल्या टेकमधले, म्हणजे एकाच दृश्याच्या वारंवार केलेल्या चित्रणांपैकी एकातले, असते: दृश्याची माहिती लिहिलेली पाटी वाजण्याआधीचा क्षण, संवाद विसरलेला नट, प्रकाशाची चाचणी, कधी भागातून पूर्णपणे गाळलेला प्रसंग. अशी चौकट घेऊन प्रक्षेपित भागात तंतोतंत तेच चित्र शोधू लागलात तर ते सापडणार नाही. शोधायचे असते ते त्याच बाजूने लावलेल्या कॅमेऱ्याचे, त्याच प्रकाशाचे आणि त्याच नेपथ्याचे चित्र. हाताची बोटे, डोळ्यांची दिशा आणि मागच्या माणसाची जागा थोडीफार वेगळी असणारच.

आता रंगाविषयी. त्या काळच्या ईस्टमन रंगीत प्रिंटमध्ये पिवळा, किरमिजी आणि निळसर-हिरवा, म्हणजे सायन, असे तीन रंगद्रव्यांचे थर असतात. अंधारात ठेवलेल्या फिल्ममध्येही सायन थर सर्वांत आधी विरतो आणि उष्णतेने ते विरणे झपाट्याने वाढते. सायनचे काम लाल प्रकाश अडवण्याचे. तोच नाहीसा झाला की लाल प्रकाश मोकाट सुटतो आणि सगळे चित्र गुलाबी, पुढे विटकरी दिसू लागते. अधिक टिकाऊ प्रिंट-फिल्म कोडॅकने १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला आणली, तोवर या चौकटी विकून दशक उलटले होते. माझ्या तेवीसपैकी एकवीस चौकटी या लालीच्या कोणत्या ना कोणत्या पायरीवर आहेत.

फजिती अशी झाली. एका चौकटीत यानाच्या मार्गिकेत, भिंतीला जवळजवळ टेकून, गणवेशातला एक माणूस उभा आहे. माणूस, भिंत, छत, सगळे विटकरी. या मालिकेच्या नेपथ्यातल्या भिंती राखाडी रंगवलेल्या होत्या हे मी वाचले होते. म्हटले, याहून उत्तम आधार कोणता? संगणकावर भिंतीवर टिचकी मारली आणि ‘हा राखाडी’ असे सांगितले. भिंत आज्ञाधारकपणे राखाडी झाली, आणि माणसाला कावीळ झाली. चेहरा पिवळट हिरवा, हात त्याहून हिरवे. मी दोष फिल्मला दिला आणि दोन संध्याकाळी चेहरा वेगळा निवडून त्याला गुलाबी करीत बसलो. पुढे जबड्याच्या कडेला हिरवी रेघ उरली, ती पुसण्यात तिसरी संध्याकाळ गेली.

चूक साधी होती. छायाचित्रण-दिग्दर्शक जेरी फिनरमन या राखाडी भिंतींवर रंगीत जेल, म्हणजे पारदर्शक रंगीत पडदे, लावलेल्या दिव्यांचा प्रकाश टाकीत: जांभळा, हिरवा, निळा, प्रसंगाच्या रागरंगानुसार. भिंतीचा रंग डब्यात राखाडी होता, फिल्मवर तो राखाडी नव्हताच. मी भिंतीतला जांभळा ओढून काढला आणि त्याची भरपाई सगळ्या चित्राने हिरवे होऊन केली. ही चौकट कोणत्या प्रसंगातली आहे, त्या प्रसंगात मार्गिकेवर कोणता प्रकाश आहे, हे आधी पाहिले असते तर तीन संध्याकाळी वाचल्या असत्या.

म्हणून माझे म्हणणे एवढेच आहे की चौकटीची ओळख पटवणे हे हौशी संग्राहकाचे जादा काम नसून रंगदुरुस्तीची पहिली पायरी आहे. आपापला अनुभव आणि पद्धत येथे मांडावी. त्या मार्गिकेतल्या माणसाचे काय करावे हेही सुचवावे, कारण त्याची सायन इतकी विरली आहे की लाल वाहिनीत, म्हणजे स्कॅनमधल्या फक्त लाल प्रकाशाच्या चित्रात, मला धुक्याखेरीज फारसे काही दिसत नाही.

कडेकडेने

उत्तम विषय. मी लॅबच्या कामाशी संबंधित होतो, त्यामुळे माझी नजर चित्राआधी कडेवर जाते आणि इतरांनीही ती सवय लावून घ्यावी असे मला वाटते. बरेच जण स्कॅन करताना फिल्मच्या कडेची छिद्रांची पट्टी कापून टाकतात. ओळखीचा अर्धा पुरावा तेथेच असतो.

सर्वांत आधी पाहावे ते चित्राच्या शेजारी ध्वनिपट्टी आहे का. रशेसचा आवाज वेगळ्या चुंबकीय फिल्मवर असे, त्यामुळे रशेसच्या चौकटीशेजारी ती नागमोडी पट्टी नसते. ती असेल तर चौकट तयार भागाच्या प्रिंटमधून कापली आहे आणि प्रक्षेपित भागात तंतोतंत सापडेल. गंमत अशी की शेजारी दिसणारा ध्वनी त्या चौकटीचा नसतोच, ३५ मि.मी. प्रिंटवर आवाज चित्राच्या सुमारे वीस चौकटी पुढे छापलेला असतो.

त्यानंतर अक्षरे. काठावर काळी आणि पांढरी अशी दोन प्रकारची अक्षरे व आकडे आढळतात, आणि ती एकमेकांत मिसळू नयेत. काळी अक्षरे या प्रिंट-फिल्मची स्वतःची असतात. ती कारखान्यात उमटवलेली. पांढरी अक्षरे मूळ निगेटिव्हची असून ती प्रिंट काढताना चित्राबरोबर छापली गेली आहेत. कोडॅक फिल्मच्या काठावर वर्तुळ, चौकोन, त्रिकोण आणि अधिक चिन्ह यांच्या जुळणीतून फिल्म तयार झाल्याचे वर्ष सांगितलेले असते. त्या काळी ही जुळणी वीस वर्षांनी पुन्हा तीच येई, म्हणून १९४७ ची खूण आणि १९६७ ची खूण एकच. एखाद्या चौकटीतले पांढरे चिन्ह मालिकेच्या काळाशी जुळते पण काळे चिन्ह पुढच्या वर्षांचे आहे असे दिसले, तर ती नंतर काढलेली प्रत समजावी आणि सायन तुलनेने शाबूत असल्याचे आश्चर्य वाटून घेऊ नये.

निगेटिव्हचा क्रमांक दर फुटाला एकदा येतो. फुटात सोळा चौकटी असतात, त्यामुळे क्रमांक सोळांत एखाद-दुसऱ्याच चौकटीच्या वाट्याला येतो. तो असेल तर सांभाळावा. आपल्या मार्गिकेच्या चौकटीवर काही आहे का?

जुनी पेटी

आहे, पण अर्धवट. वरच्या टोकाला चार पांढरे आकडे आहेत आणि पाचवा कापलेला आहे, त्याची फक्त खालची वाटोळी बाजू दिसते. हा ‘६’ असेल, ‘८’ असेल किंवा ‘०’ असेल. मी त्याला आजवर खराबीच समजत होतो.

नवशिका

दोन प्रश्न विचारतो. माझ्या एका चौकटीत छातीवरचे बोधचिन्ह उजव्या बाजूला आहे. असा गणवेश कोणत्या भागात होता? आणि दुसरे असे की एका कळीत जुने रंग परत आणणाऱ्या आज्ञावली सध्या उपलब्ध असताना हा सगळा द्राविडी प्राणायाम कशासाठी करावा?

जुनी पेटी

गणवेश तोच आहे, चौकट उलटी आहे. बोधचिन्ह नेहमी डाव्या छातीवर असते, म्हणजे बघणाऱ्याच्या उजव्या हाताला. आपल्या चौकटीत ते माणसाच्या उजव्या छातीवर दिसत असेल तर फिल्म फिरवून पाहावी. ही चूक होण्यामागे ठोस कारण आहे. घरगुती कॅमेऱ्यातली पारदर्शिका (स्लाइड) चकचकीत बाजूने पाहिली की सुलटी दिसते, आणि तीच सवय डोळ्यांना असते. रशेस मात्र निगेटिव्हला चिकटवून काढलेल्या असतात, त्यामुळे त्या मंद, म्हणजे इमल्शनच्या (रंगद्रव्यांच्या थरांच्या) बाजूने पाहिल्यावर सुलट्या दिसतात. पारदर्शिकेच्या सवयीने ती स्लाइडच्या कोंदणात बसवली की माणूस आरशातला होतो. बोधचिन्ह दिसत नसेल तर केसांचा भांग पाहावा.

यानाच्या प्रतिकृतीच्या चित्रांत हे अधिक फसवे असते. ती ११ फुटी प्रतिकृती आज वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन विमान व अवकाश संग्रहालयात आहे. तिच्या डाव्या बाजूने दिव्यांच्या तारा आत जात असल्यामुळे चित्रण उजव्या बाजूने होत असे. यान उजवीकडे तोंड करून जाताना दिसणे हा नियम समजावा, आणि डावीकडे तोंड करून दिसले तर आधी आपल्या हातातली फिल्म तपासावी, मग नवा शोध लागल्याचे जाहीर करावे.

कळ दाबून होणाऱ्या दुरुस्तीविषयी सांगायचे तर मी भिंतीवर जी टिचकी मारली तीच ती कळ मारते, फक्त अधिक आत्मविश्वासाने. चित्राची सरासरी राखाडी असावी असे ती गृहीत धरते, आणि या मालिकेत तर मुद्दाम रंगीत प्रकाश टाकलेला आहे. अलीकडच्या काही आज्ञावली चेहऱ्याचा तपशीलही भरून देतात. त्यांनी माझ्या मार्गिकेतल्या माणसाला सुंदर पापण्या दिल्या. त्या पापण्या फिल्मवर कोठेही नाहीत.

भागमोजणी

ओळख पटवण्याची माझी पद्धत अशी की भाग शोधण्याआधी हंगाम पक्का करावा, कारण एकोणऐंशी भागांतून एक शोधण्यापेक्षा पंचवीस-तीसमधून शोधणे सोपे. त्यासाठी कापड सर्वांत बोलके आहे. पहिल्या दोन हंगामांतले सदरे मखमलीसारख्या व्हेलूरचे होते. ते धुलाईत आटत, म्हणून तिसऱ्या हंगामात जाड विणीचे नायलॉन आले. भिंगाखाली व्हेलूर दिव्याच्या दिशेनुसार कोठे उजळ, कोठे गडद असे लहरते. नायलॉन सपाट दिसते आणि त्याच्या घड्या धारदार पडतात. हा फरक रंगावर अवलंबून नसल्यामुळे पूर्ण लाल झालेल्या चौकटीतही तो दिसतो, हा त्याचा मोठा गुण आहे. गळ्याशी विणलेली उंच कॉलर दिसली तर आपण दोनपैकी एका पथदर्शक भागात, म्हणजे मालिका सुरू होण्याआधी नमुन्यादाखल केलेल्या भागात, आहोत. चेकॉव्ह दिसला तर पहिला हंगाम बाद होतो, कारण ते पात्र दुसऱ्या हंगामात आले.

चित्रणाचा क्रम आणि प्रक्षेपणाचा क्रम यांत मात्र गल्लत होऊ देऊ नये. दुसरा पथदर्शक भाग १९६५ च्या उन्हाळ्यात चित्रित झाला आणि २२ सप्टेंबर १९६६ रोजी, म्हणजे मालिका सुरू झाल्यावर तिसऱ्या आठवड्यात दाखवला गेला. त्यामुळे प्रक्षेपणाच्या क्रमाने पाहत गेल्यास गणवेश मध्येच मागे जातो आणि माणूस गोंधळतो. चौकटीत पाटी दिसत असेल तर अर्थात प्रश्नच मिटतो: तिच्यावर निर्मिती क्रमांक, दृश्य, टेक, दिग्दर्शक आणि कॅमेरामन हे सगळे खडूने किंवा पट्टीने लिहिलेले असते. पाटी नसेल तर चौकटीच्या कडा पाहाव्यात. त्या काळचा टीव्ही संच चित्राच्या चारही कडा झाकून टाकीत असे, त्यामुळे प्रेक्षकाला कधी न दिसलेले छताचे टोक, दिव्याचे स्टँड किंवा नटाने कोठे थांबावे यासाठी जमिनीवर चिकटवलेली पट्टी फिल्मवर स्पष्ट असते. त्या पट्टीचा रंग आणि जागा दोन चौकटींत सारखी असेल तर त्या एकाच दिवसाच्या असण्याची शक्यता मोठी.

ज्यांना आणखी खोलात जायचे असेल त्यांच्यासाठी सांगतो की मालिकेच्या निर्मितीची कागदपत्रे लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या ग्रंथालयात रॉडनबेरी संग्रहात आहेत. एखादा प्रसंग लिहिला गेला होता पण दाखवला गेला नाही, हे पटकथेच्या मसुद्यांशी ताडूनच ठरवता येते.

काटेकोर

चर्चा वाचतो आहे आणि मला मूळ प्रश्नच अर्धवट विचारलेला वाटतो. रंग ‘पूर्ववत’ करायचा म्हणजे कोणत्या पूर्वीसारखा? यानाचा कप्तान कर्क याचा सदराच घ्या. सगळे जग त्याला सोनेरी म्हणते. प्रत्यक्षात पहिल्या दोन हंगामांतले ते व्हेलूर पोपटी-हिरव्याकडे झुकणारे होते. दिव्यांखाली आणि त्या फिल्मवर ते पिवळे सोनेरी उमटे. त्याच रंगाच्या कुळातला, पण वेगळ्या कापडाचा, त्याचा आडवा गुंडाळलेला सदरा मात्र पडद्यावर हिरवाच दिसे. मग आपण कापडाचा रंग परत आणणार, फिल्मचा, की २००६ पासून मूळ निगेटिव्हवरून नव्याने स्कॅन करून काढलेल्या आवृत्तीचा?

पहिल्या पथदर्शक भागाच्या वेळची हकीकत या संदर्भात नेहमी सांगितली जाते. हिरव्या कातडीच्या नर्तकीच्या रंगभूषेची चाचणी अभिनेत्री मेजल बॅरेट यांच्यावर घेतली. रशेस आल्या तेव्हा चेहरा नेहमीच्या गोऱ्या रंगाचा. रंगभूषाकाराने अधिक गडद हिरवा रंग लावला, पुन्हा चित्रण झाले, पुन्हा चेहरा गोरा. शेवटी कळले की लॅबमधला तंत्रज्ञ रात्र-रात्र जागून ‘बिघडलेला’ रंग प्रामाणिकपणे दुरुस्त करीत होता. मला भीती वाटते की आपण सगळे तो तंत्रज्ञ आहोत.

माझ्या मते चौकट आहे तशी लाल स्कॅन करून ठेवावी आणि तेथेच थांबावे.

जुनी पेटी

आपल्या आक्षेपाचा पहिला भाग मला पूर्ण मान्य आहे. लाल चौकटीचा, कडांसह, प्रत्येक वाहिनीला १६ बिट असलेला, कोणतीही दुरुस्ती न केलेला स्कॅन हीच मूळ प्रत. बाकी सगळे तिच्यावरचे भाष्य. त्या प्रतीला मी हात लावत नाही, आणि दुरुस्त प्रतीसोबत काय-काय केले याची नोंद ठेवतो.

थांबावे, हे मात्र मला पटत नाही. लाली हा कोणाचाही हेतू नव्हता. ना फिनरमन यांचा, ना लॅबचा. फिल्मवर १९६७ मध्ये जे दिसत होते त्याच्या जवळ जाणे हे उद्दिष्ट पुरेसे स्पष्ट आहे. कापडाचा रंग हा वस्तुसंग्रहालयाचा प्रश्न आहे. आणि निगेटिव्हवरून केलेली नवी आवृत्ती ही प्रकाश, सावल्या आणि जेलचा रंग समजून घ्यायला उत्तम साक्षीदार असली तरी तिच्यातला रंग आकड्यांनी उचलून आपल्या चौकटीत ओतणे योग्य नाही, कारण रशेस ठरावीक एकाच प्रकाशमात्रेवर, रंग न सावरता छापल्या जात. न विरलेली रशेसची चौकटसुद्धा प्रक्षेपित भागापेक्षा थोडी वेगळीच असणार.

आधार चौकटीतच शोधावा लागतो, आणि येथे कडेकडेने यांच्या सल्ल्याचा मला अनपेक्षित फायदा झाला. चित्राच्या बाहेरचा छिद्रांभोवतीचा पट्टा हा प्रिंटवर पूर्ण काळा असायला हवा, कारण निगेटिव्हच्या कोऱ्या काठातून तेथे भरपूर प्रकाश पडलेला असतो. आज तो गर्द लाल दिसतो. त्याच पट्ट्यावरची पांढरी अक्षरे म्हणजे जवळजवळ कोरी फिल्म. म्हणजे प्रत्येक चौकट आपला काळा आणि आपला पांढरा सोबत घेऊनच येते. तिन्ही वाहिन्यांची खालची आणि वरची टोके या दोन ठिकाणी बांधली की चित्रातल्या कोणत्याही वस्तूविषयी काहीही गृहीत न धरता निम्मी लाली उतरते. भिंतीला विचारावेच लागत नाही. मधल्या छटांसाठी पुढे हाताने काम करावे लागतेच, आणि तेथे गणवेशातली काळी विजार उपयोगी पडते.

थंड कोठार

रंगाच्या उत्साहात फिल्म हाताळण्याकडे दुर्लक्ष होऊ नये. १९६० च्या दशकातली ही फिल्म ॲसिटेटची आहे, आग धरणारी नायट्रेट नव्हे, त्यामुळे ती भीती नको. ॲसिटेटचा रोग वेगळा: उघडल्याबरोबर व्हिनेगरसारखा आंबट वास येतो, फिल्म आक्रसते आणि वाकते. ती आंबट वाफ शेजारच्या निरोगी फिल्मलाही लागते, म्हणून अशी चौकट पहिल्याच दिवशी वेगळी करावी. पीव्हीसीच्या मऊ, वास येणाऱ्या पिशव्या टाळाव्यात आणि पॉलिप्रॉपिलीनच्या वापराव्यात. काचेत दाबून बसवलेल्या चौकटी काढून घ्याव्यात, कारण फिल्म काचेला टेकते तेथे इंद्रधनुषी वलये दिसतात आणि दमट हवेत इमल्शन काचेला चिकटून बसते.

धुळीसाठी हातपंपाची हवा आणि मऊ कुंचला यांपलीकडे सहसा जाऊ नये. द्रव वापरायचाच असेल तर फिल्मसाठीचाच, आणि आधी छिद्रांच्या काठावर थेंबभर लावून पाहावा. मी एकदा अधीरपणे थेट चित्रावर लावला आणि कापसावर किरमिजी डाग पाहून हात गळाले. तोंडाची फुंकर तर नकोच. सायनचे विरणे मंदावण्याचा एकच उपाय आहे: थंड आणि कोरडी जागा. विरलेले रंगद्रव्य त्याने परत येत नाही, उरलेले अधिक काळ टिकते.

कडेकडेने

थंड कोठार यांच्या प्रतिसादाला जोडून ठिपके आणि ओरखडे यांविषयी सांगतो, कारण पुसण्याआधी ते कोणाचे आहेत हे ओळखणे हीसुद्धा ओळखच आहे. काळा ठिपका हा बहुधा या चौकटीवर आज बसलेल्या धुळीचा असतो. तो झटकता येतो. पांढरा ठिपका प्रिंट काढतेवेळी निगेटिव्हवर असलेल्या कणाचा असतो. तो चित्राचाच भाग झालेला आहे, कितीही पुसला तरी जाणार नाही. स्कॅनरमधली अवरक्त प्रकाशाने धूळ शोधण्याची सोय पहिल्या प्रकाराला पकडते, कारण रंगद्रव्यांतून अवरक्त किरण आरपार जातात आणि धुळीतून जात नाहीत. दुसऱ्या प्रकारासाठी ती आंधळी असते. ओरखड्यांचेही तसेच. प्रिंट-फिल्ममध्ये किरमिजी थर सर्वांत वर, त्याखाली सायन आणि तळाशी पिवळा असतो. वरवरचा ओरखडा किरमिजी नेतो आणि रेघ हिरवी दिसते; खोल गेला की पिवळी; फिल्मच्या तळाला लागला की पांढरी. पूर्ण लाल झालेल्या चौकटीत मात्र सायन मुळातच नसल्यामुळे वरवरच्या ओरखड्याची रेघही पिवळट दिसते, तेव्हा घाबरून जाऊ नये.

पांढरे ठिपके पुसून टाकण्याची घाईही करू नये. निगेटिव्हवरचा उभा ओरखडा सलग चौकटींतून जातो, त्यामुळे दोन सुट्या चौकटी कधी काळी शेजारी होत्या का, हे त्याच्यावरून सांगता येते.

जुनी पेटी

आपले शेवटचे वाक्य वाचून मी तेवीसही चौकटी पुन्हा उजेडाच्या पेटीवर मांडल्या. मार्गिकेतल्या माणसाच्या डाव्या खांद्यावरून एक बारीक पांढरी रेघ खाली उतरते; तिला मी आधीच्या दुरुस्तीत मोठ्या कौशल्याने नाहीसे केले होते. तीच रेघ, छिद्रांपासून तेवढ्याच अंतरावर, दुसऱ्या एका चौकटीत आहे. ती मला वेगळ्या संग्राहकाकडून मिळाली होती आणि तिच्यात माणसाचे डोळे मिटलेले असल्यामुळे मी तिला खालच्या कप्प्यात टाकून दिले होते. भिंगाखाली दोन्हींच्या कापलेल्या कडा एकमेकींसमोर धरल्या. एकीकडे पाचव्या आकड्याची खालची वाटोळी बाजू, दुसरीकडे वरची. दोन्ही मिळून ‘६’, आणि पुढचे आकडे दुसऱ्या चौकटीवर सलग. फाटलेल्या नोटेचे तुकडे जुळावेत तशा त्या जुळल्या.

डोळे मिटलेल्या चौकटीचे आयुष्य बहुधा थंडाव्यात गेले असावे, कारण तिची सायन पहिलीपेक्षा बरीच शाबूत आहे. दोन चौकटींमध्ये सेकंदाच्या चोविसाव्या भागाचे अंतर. माणसाच्या पापण्या सोडल्या तर काहीही हललेले नाही. दुसरीची लाल वाहिनी घेतली, छिद्रांच्या आधाराने पहिलीवर नेमकी बसवली, डोळ्यांपुरती जागा वगळली आणि तेवढी पहिलीच्या धूसर लाल वाहिनीतून उचलली. टोके काळ्या पट्ट्यावर आणि पांढऱ्या आकड्यांवर बांधली. नंतर भागमोजणी यांच्या सांगण्याप्रमाणे सदऱ्याकडे भिंगातून पाहिले: छटा लहरतात, म्हणजे व्हेलूर, म्हणजे तिसरा हंगाम बाद. कॉलर आखूड, म्हणजे पथदर्शकही बाद. भाग अजून सापडलेला नाही, पण शोध पहिल्या दोन हंगामांपुरता उरला आहे.

भिंत जांभळी आहे. डावीकडे गडद, माणसाच्या खांद्यामागे फिकट होत जाणारी, आणि तिच्यावर पडलेली त्याची सावली हिरवट. चेहऱ्याला मी काहीही केलेले नाही.